डाव्या हाताची चिठ्ठी

पेटी उपडी केली तशा चिठ्ठ्या टेबलभर पसरल्या. पेटी म्हणजे बुटांचं रिकामं खोकं, झाकणाला सुरीनं पाडलेली चीर आणि बाजूला माझ्याच अक्षरात लिहिलेलं ‘मनातलं विचारा’. दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस होता. शाळा सुटून तास झाला होता, आवारात चिटपाखरू नव्हतं आणि मला घरी जाऊन चकलीची भाजणी दळून आणायची होती.

“बाई, कुलूप लावू का?” गयामावशीनं दारातून विचारलं. ती आमच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. शिजवण्याबरोबर झाडणं, घंटा देणं, पडलेल्या पोराच्या गुडघ्याला हळद लावणं हेही तिच्याकडेच आलं होतं, कुणी न सोपवता.

“पाच मिनिटं थांबा, मावशी. एवढ्या वाचून टाकते.”

नववीच्या सत्तावीस मुलींच्या चिठ्ठ्या. केस गळतात, काय लावू. दहावीनंतर नर्स होता येतं का. कॅन्सर झालेल्या माणसाचं ताट वेगळं ठेवायचं का. बाई, तुम्ही रागावल्यावर छान दिसता. मी हसत हसत एकेक बाजूला टाकत होते. एकोणिसावी की विसावी चिठ्ठी उघडली आणि हसणं तिथंच थांबलं.

‘बाई गाठ आहे पण दुखत नाही मग दवाखान्यात जायचं काम नाही ना. आईला मी तसंच सांगितलं. ती आता कोयत्याला जाणार.’

मी ती दोनदा वाचली. मग तिसऱ्यांदा वाचली, जणू तिसऱ्यांदा त्यात काही वेगळं लिहिलेलं निघणार होतं.

आमच्या बीडकडच्या त्या गावात कोयत्याला जाणं म्हणजे ऊस तोडायला जाणं. नवरा-बायको मिळून एक कोयता. दिवाळीच्या आसपास ट्रॅक्टर भरून माणसं खाली कारखान्यांकडे जातात ती थेट उन्हाळ्यात परततात. त्या वर्षी कारखाने लवकर सुरू होणार होते, म्हणून गाड्या दिवाळीआधीच निघणार असं आठवडाभर गावात चाललं होतं. शनिवारी सकाळी गाड्या भरायच्या होत्या आणि आज गुरुवार होता.

पण त्याहून वाईट गोष्ट वेगळीच होती. ‘दुखत नाही मग जायचं काम नाही’ हे त्या पोरीनं मनानं लिहिलं नव्हतं. ते मी सांगितलं होतं.

झालं असं होतं. महिन्यापूर्वी तालुक्याला आम्हा शिक्षिकांचं एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. एका डॉक्टरीणबाईंनी कॅन्सरबद्दल इतकं सोपं करून सांगितलं की मी भारावूनच गेले. गुटखा, तंबाखू, अंगावर काढलेली दुखणी, बायकांच्या छातीतल्या गाठी, सगळं वहीत उतरवलं. या मंगळवारी शेवटच्या तासाला मुलांना मैदानावर पिटाळून मी मुलींसमोर उभी राहिले. तंबाखूपर्यंत गाडी झोकात चालली. छातीची पाळी आली आणि आमची जीभ जड झाली. त्यात मुख्याध्यापक तिडके सर व्हरांड्यात येरझाऱ्या घालू लागले. खिडकीखालून पोरांची फिसफिस ऐकू येऊ लागलं. मी ‘छाती’च्या ठिकाणी ‘अंग’ म्हणू लागले आणि फळ्याकडे तोंड करून बोलू लागले. मागून कुणीतरी विचारलं, “बाई, मग दवाखान्यात कवा जायचं?” आणि मी, एम.एस्सी. बी.एड., तेरा वर्षांची नोकरी, खडू हातात चोळत म्हणाले, “दुखायला लागलं की लगेच जायचं. चला, पुढं.”

वहीत नेमकं उलटं लिहिलेलं होतं. दुखत नाही ती गाठ आधी दाखवायची. लाल शाईनं अधोरेखित केलं होतं मी.

वर शहाणपणा असा की, पेटी ठेवताना मी मुलींना सांगितलं, “डाव्या हातानं लिहा, म्हणजे मलाही अक्षर ओळखू यायचं नाही. आणि चिठ्ठी कुणाची हे मी कधी विचारणार नाही. मेले तरी नाही.” या युक्तीवर मी स्वतःवरच खूश होते. पेटी बुधवारी उघडायची होती. ती पेपर तपासण्याच्या नादात राहून गेली.

“काय झालं हो बाई?” मावशी आत आली. “तोंड कामून उतरलं?”

मी तिला चिठ्ठी वाचून दाखवली. तिनं ओले हात पदराला पुसले. पुसून झाले तरी पुसतच राहिली.

“कुणाची हाय?” तिनं विचारलं.

“तेच तर कळत नाही.” मी सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा ओढला आणि अक्षर जुळवून बघू लागले. डाव्या हाताचा ‘ग’ आणि उजव्या हाताचा ‘ग’ जुळतो का कधी! दहा पेपरांनंतर गठ्ठा ढकलून दिला. “मावशी, नववीतल्या कुणाकुणाच्या आया कोयत्याला चालल्यात?”

मावशीनं बोटांवर मोजलं. वस्तीवरची तीन, माळावरची चार, नदीपलीकडची दोन. नऊ घरं.

“रस्ता मला माहीत नाही. उद्या याल माझ्याबरोबर?”

तिनं टेबलावरची उपडी पेटी सरळ केली. “येती की,” म्हणाली.

शुक्रवारी सकाळी आठला मी शाळेच्या फाटकाशी स्कूटी उभी केली. मावशी जन्मात कधी स्कूटीवर बसली नव्हती. एका बाजूला पाय सोडून बसली आणि माझा खांदा असा धरला की दुसऱ्या दिवशी तिथं चार बोटं निळी उमटली होती. वाटेभर म्हणत होती, “हळू चला बाई, मला अजून नातवाचं बारसं जेवायचंय.”

माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. विचारायचं कसं? शपथ घेतली होती. आणि विचारलं तरी चारचौघांत कुठली पोर ‘हो, माझीच’ म्हणणार? म्हणून ठरवलं, कुणालाच काही विचारायचं नाही. नऊही घरी जायचं, आयांना बसवायचं आणि चुकलेला धडा नीट सांगायचा. चिठ्ठी ज्या घरची असेल त्या घराला तो आपोआप पोचेल. ही मला फार हुशारीची वाटलेली दुसरी युक्ती.

पहिलं घर अयोध्याचं. अयोध्या नागरगोजे म्हणजे माझ्या वर्गाची मॉनिटर, काटक, बडबडी, फळा पुसता पुसता मागच्या बाकावर कोण झोपलंय ते सांगणारी. आज ती चुलीपाशी बसून पीठ मळत होती आणि तिनं मान वर केली नाही. सुट्टीतही बाई घरी टपकली म्हणून रागावली असेल, असं मला वाटलं.

तिची आई, सुमनबाई, बाजरीच्या पिठाचं पोतं शिवत होती. सहा महिन्यांचं घर अंगणात काढून ठेवलेलं होतं. भांडी, गोधड्या, घासलेटचा कॅन आणि खुराड्यात दोन कोंबड्या.

“या बाई! आमच्या अयोध्येनं काय दिवे लावले का?”

“नाही हो, हुशार आहे ती. मी तुमच्याशीच बोलायला आले.”

मी बसले आणि सांगितलं. अडखळत सांगितलं, पण सांगितलं. छातीत, काखेत गाठ लागली तर ती दुखायची वाट बघायची नाही. दुखत नाही म्हणून सोडून द्यायची नाही. बहुतेक गाठी साध्याच निघतात, पण साधी कुठली आणि वाईट कुठली ते डॉक्टरनं ठरवायचं, आपण नाही.

सुमनबाई दाभण दातात धरून ऐकत होती. मग मोठ्यानं हसली. “अंगात गाठी असत्यातच की, बाई. हात हलतोय, मोळी उचलतीय, बास झालं. दवाखान्यात गेलं की कॅन्सर व्हईल म्हणून भ्या घालत्यात आन् गर्भाची पिशवी काढून ठिवत्यात. आमच्या जावंचं तसंच झालं. पिशवी गेली आन् कंबर बी गेली.”

ती खोटं बोलत नव्हती. त्या भागात अशा बायका मी घरोघर बघितल्या होत्या.

“सगळे डॉक्टर तसे नसतात,” मी म्हणाले. “मी स्वतः येईन बरोबर. सरकारी दवाखान्यात. नुसतं दाखवायचं.”

“गाठ झाली की सांगती तुमाला,” ती म्हणाली आणि पुन्हा पोतं शिवू लागली. तिकडून तिच्या नवऱ्यानं हाक दिली की मुकादमाचा फोन आलाय, दोरखंड कुठंय. आमचा विषय संपला.

मी स्कूटीपाशी आले तेव्हा अयोध्या पिठाच्या हातानं मागून आली. शेजारी उभी राहिली. मी किल्ली लावली तरी उभीच.

“काय ग?”

“बाई...” तिनं एका हाताचं पीठ दुसऱ्या हातानं खरवडलं. “काही नाही. स्टँड राहिलंय. वर करा, नाहीतर वळणावर पडताल.”

मी स्टँड वर केलं, तिच्या डोक्यावर टपली मारली आणि निघाले. आठ घरं उरली होती आणि दहा वाजून गेले होते.

दुसऱ्या घरी मी तेच सांगितलं, तिसऱ्या घरीही. चौथ्या घरचा बाप दारातच आडवा आला. “आमच्यात कुणाला काय झालेलं नाही. शुभ कामाला निघताना हे काय घेऊन आलात?” मी रागानं लाल झाले आणि परत फिरणार, एवढ्यात मावशी पुढं झाली. “आरं बाबा, मला पाणी तर पिऊ देशील?” म्हणत थेट चुलीपर्यंत गेली आणि घरातल्या माउलीला तिनं पाण्याचा तांब्या हातात असतानाच सगळं सांगून टाकलं.

मी बाहेरून ऐकत होते. आणि चकितच होत होते. मावशी माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं सांगत होती.

“साबणाचा हात फिरवताना कळती बघ,” ती म्हणत होती. “आधी हरभऱ्याएवढी असती. वाटतं, उष्णतेची असंल, जाईल. दाबली तर दुखत न्हाई, हलवली तर हलत न्हाई. मग रोज आंघोळीला हात तिथंच जातो. कुणाला सांगावं वाटत न्हाई. पण तीच दाखवायची असती, असं आमच्या बाई म्हणत्यात.”

हे हरभरा आणि साबण माझ्या वहीत नव्हतं. मला वाटलं, अडाणी म्हणतो आपण, पण बाई काय जोडून जोडून सांगते! पुढची सगळी घरं मी तिच्यावरच सोपवली. मी दारात उभी राहायचे, कुणाचा चेहरा बदलतो का बघायचे. एका पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणून मी पुढं सरसावले, तर ती कांदा चिरत होती. एक आई गप्प झाली म्हणून मी तिच्याकडे टक लावून बघत राहिले, तर तिला माझ्या साडीची किंमत विचारायची होती. प्रत्येक घरातून निघताना वाटायचं, हेच ते. पुढच्या घरी गेलं की वाटायचं, नाही, हे.

नदीपलीकडचं नववं घर झालं तेव्हा साडेपाच वाजले होते. शाळेच्या फाटकाशी मावशी उतरली. माझा खांदा सुटला. मी म्हणाले, “मावशी, तुमच्यामुळं झालं सगळं. कुणाची होती कळलं नाही, पण ऐकलं तर असेल ना तिनं?”

मावशी फाटकाची कडी वर-खाली करत राहिली.

“बाई, तुमच्या तालुक्याच्या दवाखान्यात शनवारी डाक्टरीण असती का?”

“असते, सकाळी. का?”

“मला दाखवायचंय.”

“काय दाखवायचंय?” मी विचारलं. मग हरभरा आठवला. साबण आठवला.

“मावशी, म्हणजे ती चिठ्ठी...”

“मला लिहिता येतं व्हय?” ती एकदम चिडून म्हणाली. “आन् माझी माय मरून वीस वर्सं झाली. चिठ्ठी कुणाची ते मला न्हाई ठाऊक. पर गाठ माझी बी हाय. शिमग्यापासून.”

“शिमग्यापासून! अहो, सांगायचं नाही का? दिवसभर माझ्या मागं बसला होतात!”

तिनं पदर तोंडाशी धरला. “मंगळवारी तुमी वर्गात म्हणलात ना, दुखलं की जायचं. मी खिडकीखाली तांदूळ निवडत व्हते. मनाला लई बरं वाटलं, बाई. शिमग्यापासनं पहिल्यांदा त्या राती झोप लागली. आन् काल तुमी ती चिठ्ठी वाचली आन् सकाळी अयोध्येच्या घरी उलटंच बोललात. म्हणलं, बाई चुकल्या असतील, फुडच्या घरी नीट बोलतील. पण तुमी फुडं बी तेच बोललात. मग मीच बोलून बघितलं. माझ्या तोंडून तरी निराळं निघतंय का म्हणून.”

मी फाटकाला टेकले. मला तिची क्षमा मागायची होती. शेवटी मीच रडायला लागले आणि तीच मला “गप बसा, लोकं बघत्याती” म्हणत बसली.

शनिवारी उजाडतानाच मी तिला घेऊन निघाले. तालुक्याच्या वाटेवर फाटा लागतो. तिथं अकरा ट्रॅक्टर उभे होते, मागं दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले. पोत्यांवर माणसं, माणसांवर पोरं, पोरांच्या मांडीत कोंबड्या. नारळ फुटत होते. स्कूटी बाजूनं काढायची आणि पुढं जायचं, एवढंच खरं तर काम होतं. मला ते जमेना. चिठ्ठी पर्समध्येच होती.

मी स्कूटी मावशीच्या ताब्यात दिली आणि पहिल्या ट्रॉलीच्या चाकावर पाय देऊन वर चढले. व्हरांड्यातल्या तिडके सरांना घाबरून ‘अंग’ म्हणणारी मी, मुकादम, ड्रायव्हर आणि दोनशे माणसांसमोर ओरडले, “बायांनो, ऐका! मी शाळेतली दहिफळेबाई. मंगळवारी मी तुमच्या पोरींना चुकीचं शिकवलं. माझी चूक झाली. छातीत गाठ असेल आणि ती दुखत नसेल, तरी दाखवायचीच. तीच आधी दाखवायची. जिला आहे तिनं आत्ता खाली उतरा, मी दवाखान्यातच निघालेय!”

काही बायकांनी पदर तोंडाला लावला. गडी फिदीफिदी हसले. मुकादम म्हणाला, “उतरा बाई, मुहूर्त टळतोय.” कुणी उतरलं नाही. एकामागून एक ट्रॅक्टर सुरू झाले, धूर झाला, आणि गाड्या वळणाआड गेल्या. मावशी म्हणाली, “चला बाई. मी तर आलीय ना.”

मावशीच्या गाठीचं निदान वाईट आलं, पण वेळेत आलं. ऑपरेशन झालं, औरंगाबादला औषधं झाली. डोक्यावरचे केस गेले तेव्हा तिनं डोक्याला घट्ट रुमाल बांधला आणि फेब्रुवारीत पुन्हा चुलीपुढं हजर झाली. चार पालक तिडके सरांकडे आले, म्हणाले की तिच्या हातचं पोरांना नको, रोग लागतो. सरांनी माझ्याकडे बघितलं. मी काही बोलायच्या आत नववीच्या मुली, आठवीपर्यंतच असणारी खिचडी ज्यांना मिळायचीही नाही, ताटल्या घेऊन व्हरांड्यात पहिल्या पंगतीला जाऊन बसल्या. त्यांच्या चिठ्ठ्यांतल्या वेगळ्या ताटाच्या प्रश्नाचं राहून गेलेलं उत्तर मी पुढच्या तासाला देणार होते. ते मला द्यावं लागलं नाही.

एप्रिलात गाड्या परतल्या. आईबापांबरोबर गेलेल्या मुलींपैकी सहा पुन्हा शाळेत आल्या, तिघी आल्या नाहीत. त्या तिघींत अयोध्या होती. तिचं लग्न ठरलं असं कळलं. मी पेटी पुन्हा ठेवली. चिठ्ठीबद्दल कुणी अक्षर काढलं नाही आणि मीही विचारलं नाही. शपथ पाळली याचा मला त्या दिवसांत थोडा अभिमानही वाटायचा.

मधे अकरा वर्षं गेली. मागच्या वर्षी तालुक्याला पुन्हा प्रशिक्षण लागलं, या वेळी शिक्षिका आणि आशाताई एकत्र. मी मागच्या रांगेत बसले होते. शेजारच्या खुर्चीत एक काटक आशाताई येऊन बसली, आणि डॉक्टरांनी “न दुखणारी गाठ” म्हणताच वहीत न बघता पुटपुटली, “तीच आधी दाखवायची.”

मी वळून बघितलं. “अयोध्या?”

“व्हय बाई.” ती हसली. “मी मुक्त विद्यापीठातून बारावी केली. आता तीन वस्त्या माझ्याकडं आहेत.”

जेवणाच्या सुट्टीत आम्ही पायरीवर बसलो. मी मावशीची खुशाली सांगितली, नातवाचंच काय, नातीचंही बारसं जेवली म्हणून. मग विचारलं, “आई कशी आहे?”

“आई नाही, बाई. नऊ वर्षं झाली.”

तिनं डब्याचं झाकण लावलं, पुन्हा काढलं.

“तुम्ही फाट्यावर ओरडलात ना, तेव्हा आईनं पाय खाली सोडला होता. बाबा म्हणाले, बस गप, लोकांत इज्जत घालवती का. ती बसली. कारखाना बंद झाल्यावर दाखवलं, तोवर बोराचं लिंबू झालं होतं. दीड वर्ष काढलं तिनं.”

मी हातातला भाकरीचा तुकडा डब्यात परत ठेवला. “म्हणजे ती चिठ्ठी...”

“माझी होती.”

“अग, मी तुझ्या घरी आले होते! पहिलं घर तुझं होतं. तू स्कूटीपाशी येऊन उभी राहिलीस. मग सांगितलं का नाहीस ग?”

तिच्या बोलण्यात राग नव्हता, तेच मला सहन झालं नाही. “आईला मीच सांगितलं होतं की नाही दुखत तर राहू दे. सांगायची भीती वाटत होती, बाई. आणि तुम्ही सगळ्यांच्या घरी सगळ्यांना सांगत होता. आई म्हणाली, बाई सगळ्यांनाच सांगायलीत, आपल्याला थोडंच. तुम्हीच म्हणला होता, कुणाची ते कधी विचारणार नाही. मी तिथं उभी होते ती वाट बघत. तुम्ही विचाराल म्हणून.”

दुपारचं सत्र सुरू झालं. डॉक्टर काय बोलले ते मला आजही आठवत नाही. मला पिठाचे हात दिसत होते आणि ते खरवडलं जाणारं पीठ. माझ्या त्या दोन हुशार युक्त्या, आणि अकरा वर्षं जपलेली ती शपथ.

चार वाजता ती मला सोडायला खाली आली. मी किल्ली लावली. ती शेजारी उभी राहिली, तशीच.

“अयोध्या,” मी म्हणाले, “आईला होतं म्हणजे तुलाही तपासून घ्यायला हवं. तीन वस्त्यांना सांगतेस. तू स्वतः कधी दाखवलंस?”

तिनं हातातल्या वहीचा कोपरा दुमडला, सरळ केला, पुन्हा दुमडला. मान वर केली नाही.

“काही नाही हो, बाई. स्टँड राहिलंय. वर करा, नाहीतर पडताल.”

मी स्टँड तसंच ठेवलं. किल्ली काढून पर्समध्ये टाकली आणि तिचं मनगट धरलं.

“तुला गाठ आहे का ग, अयोध्या?”

तिनं मान हलवली. हो म्हणून.

“चल,” मी म्हणाले. दवाखाना रस्त्याच्या पलीकडेच होता.